घराचा सौदा : भाव ठरला, शर्तींचे काय?

कापडाच्या पेठेत नुसत्या भावावर सौदा होत नाही, हे उचगाव-गांधीनगरच्या दुकानदाराला सांगावे लागत नाही. मीटरचा दर एकच असला तरी उधारी तीस दिवसांची की नव्वद, रोखीला वटाव किती, ट्रान्सपोर्ट कोणी भरायचे, डागी माल परत घेणार की नाही, यावर नफा ठरतो. पण हाच माणूस घर घ्यायला किंवा विकायला निघाला की चहाच्या एका बैठकीत भाव तोडतो, बाकीचे नंतर बघू म्हणतो आणि विसार देऊन मोकळा होतो.

कायद्याचे काय म्हणणे आहे ते आधी पाहू. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये घर विकणारा आणि घेणारा यांच्या जबाबदाऱ्या दिलेल्या आहेत. विक्रीच्या तारखेपर्यंतची सरकारी देणी विकणाऱ्याने भरावीत. साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष त्याने आपणहून सांगावा. मालकी गेल्यानंतर घराचे नुकसान झाले तर ते घेणाऱ्याचे. पण हे सारे दोघांत वेगळा करार नसेल तेव्हाच लागू. म्हणजे कायद्याने जागा मोकळी ठेवली आहे, आपण बोलत नाही एवढेच. शिवाय बोअरची मोटर, छतावरची टाकी, पंखे, भिंतीतली कपाटे कोणाची, यावरून ताबा घेण्याच्या दिवशी भांडण होते. पावतीत दोन ओळी लिहिल्या असत्या तर ते झाले नसते.

आता एक हिशेब करू. समजा, घराला दोन गिऱ्हाइके आली. पहिला 45 लाख देतो. विसार 1 लाख, बाकी बँकेचे कर्ज झाल्यावर सहा महिन्यांत, आणि खरेदीखताच्या दिवशीच किल्ली हवी. दुसरा 44 लाख 25 हजारांवर अडून बसला आहे. पण विसार 5 लाख, बाकी 45 दिवसांत, आणि खरेदीखतानंतर दोन महिने विनाभाडे राहू देतो. विकणाऱ्याने स्वतः दुसरीकडे फ्लॅट ठरवून 2 लाख विसार दिला आहे आणि बाकी रक्कम दोन महिन्यांत न भरल्यास तो बुडणार आहे. पहिल्याचे 75 हजार जास्त दिसतात, पण त्यापायी 2 लाख जाण्याची पाळी येते. मुलांची परीक्षा मध्येच आली तर भाड्याचे घर शोधण्याची धावपळ वेगळीच. उलट ज्याला घाई नाही, त्याने पहिल्याचाच सौदा घ्यावा. समोरच्याला कशाची गरज आहे हे विचारल्याशिवाय हे कळत नाही, आणि आपले लोक नेमके तेच विचारायला संकोचतात.

घेणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची शर्त कर्जाची. गावठाणातील किंवा गुंठेवारीतील घराचा नकाशा मंजूर नसेल तर बँक पाय मागे घेते. कर्ज झाले नाही तर विसार परत, अशी ओळ नसेल तर शब्द मोडणारा घेणाराच ठरतो. अमेरिकेत घराच्या करारात ही अट सर्रास असते. 2020-21 मध्ये घरांना मागणी फार वाढली तेव्हा सौदा पदरात पडावा म्हणून अनेकांनी ती सोडून दिली. म्हणजे या अटीलाही किंमत आहे. विकणारा कबूल होत नसेल तर भाव थोडा वाढवून ती मागता येते.

विसार जप्त होण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये फरक स्पष्ट केला. सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम जप्त होऊ शकते, निव्वळ किमतीचा आगाऊ हप्ता म्हणून दिलेली नाही. सबब कोणती रक्कम कशाची, हे पावतीत लिहावे. आणि 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेऊ नये. 2015 पासून घरजमिनीच्या सौद्यालाही ही मनाई आहे आणि तितकाच दंड होतो तो घेणाऱ्यावर, म्हणजे घर विकणाऱ्यावर. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का आयकर कापून भरतो, हेही आधीच बोलून घ्यावे.

वारसांचा प्रश्न आपल्या घरांत विशेष नाजूक आहे. वडिलांच्या नावचे घर भाऊ विकतात, बहिणी इचलकरंजीला, मिरजेला, बेळगावला दिलेल्या. शरीअतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे, तेव्हा तिच्या सहीशिवाय दस्त अपुरा. या सह्या कोणी आणायच्या, किती दिवसांत, न आल्यास विसाराचे काय, ही भावाइतकीच मोठी शर्त आहे. वारसांत अज्ञान मूल असेल तर आईची सही पुरत नाही. मुस्लिम कायद्यात आई मुलाच्या मालमत्तेची पालक नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने 1918 मध्येच ठरवले आहे. कोर्टाची परवानगी काढावी लागते आणि तिला वेळ लागतो. मुदत ठरवताना तो धरावा.

घरावर विकणाऱ्याचे कर्ज असेल तर तेवढी रक्कम थेट त्याच्या बँकेत भरण्याची अट घालावी. पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत न दिल्यास, आणि उशीर बँकेचा असल्यास, रोज 5 हजार भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. सातबारावरचा बोजा कमी करून कोण देणार, हेही लिहावे.

ताबा आधी, खरेदीखत नंतर, असा बेत असेल तर साठेखत नोंदवलेच पाहिजे. 2001 च्या दुरुस्तीपासून बिननोंदणी साठेखतावर घेतलेल्या ताब्याला पूर्वीचे संरक्षण राहिलेले नाही. ताब्यासह साठेखताला महाराष्ट्रात खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते. पुढे खरेदीखतात ते वळते होते. शुल्क रिवाजाने घेणाराच भरतो. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही.

राहिली पुराची गोष्ट. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कोल्हापूर परिसरात किती पाणी आले, ते आपण पाहिले. घरात तेव्हा पाणी शिरले होते काय, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे. रंग लावल्यावर भिंत बोलत नाही. वीजबिलाची थकबाकीही तशीच. नियमात तरतूद असेल तर जुन्या ग्राहकाची बाकी नव्या मालकाकडे मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल आहे. म्हणून घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिलाच्या पावत्या मिळून मीटर नावावर होईपर्यंत 40-50 हजार रोखून धरण्याची शर्त घालावी. ही रक्कम दोघांच्या भरवशाच्या तिसऱ्या माणसाकडे ठेवावी, आणि किल्ली देताना मीटरवरचा आकडा लिहून त्याखाली दोघांनी सही करावी.