सीमेपलीकडील तीर्थयात्रा आणि विम्याची पुरेशी रक्कम

श्री पशुपतिनाथ व श्री मुक्तिनाथ यांच्या दर्शनासाठी विदर्भ-खानदेशातून दरवर्षी अनेक भाविक नेपाळास जातात. भारतीय नागरिकास तेथे जाण्यासाठी व्हिसा लागत नाही; भूमार्गाने जाताना मतदार ओळखपत्रही चालते. त्यामुळे सोनौलीची सीमा ओलांडताना आपण परदेशात पाऊल ठेवीत आहोत, ही जाणीव अनेकांना होत नाही. घरचा आरोग्य विमा मात्र बहुधा त्याच सीमेवर थांबतो.

दि. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी यात्रेकरूंची बस नेपाळच्या तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीपात्रात कोसळली. बसमधील यात्रेकरू आपल्या बुलढाणा जिल्ह्यास लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातील, भुसावळ-वरणगाव परिसरातील होते. या दुर्घटनेत २७ जणांचा मृत्यू झाला. जखमींना उपचारासाठी काठमांडूस हलविण्यात आले आणि मृतदेह भारतीय वायुसेनेच्या विमानाने जळगावला आणण्यात आले. मोठ्या दुर्घटनेत शासन असे धावून येते. परंतु एकट्या यात्रेकरूस हृदयविकाराचा झटका आला किंवा पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर वायुसेनेचे विमान येत नाही. दूतावास मार्गदर्शन करतो, नातेवाइकांना कळवितो. रुग्णालयाचे देयक मात्र कुटुंबालाच भरावे लागते.

जवळ असलेला विमा कोठे अपुरा पडतो?

सर्वसाधारण मेडिक्लेम पॉलिसी भारतात घेतलेल्या उपचारांपुरती असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांचा लाभ देशातील अंगीकृत रुग्णालयांतच मिळतो. यात्रा कंपनीने काढलेला ‘विमा’ पुष्कळदा केवळ अपघाती मृत्यू वा अपंगत्व यांपुरता असतो. आजारपणाचा खर्च त्यातून मिळत नाही. म्हणून ‘आमचा विमा आहे’ एवढ्यावर समाधान न मानता तो कशाचा आहे, हे विमापत्र हाती घेऊन वाचावे.

खर्चाचे तीन टप्पे

पुरेशी रक्कम किती, याचे उत्तर हप्त्याच्या तक्त्यात नसून यात्रेच्या वाटेवर असते. पहिला टप्पा म्हणजे आजारी पडल्या ठिकाणाहून योग्य रुग्णालयापर्यंत नेणे. दुसरा, तेथील उपचार. आणि तिसरा, स्वदेशी परत आणणे. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या टप्प्यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. ‘तातडीचे वैद्यकीय स्थलांतर’ याचा अर्थ बहुतेक विमापत्रांत ‘जवळच्या सुयोग्य रुग्णालयापर्यंत’ एवढाच असतो, घरापर्यंत नव्हे. रुग्णास भारतात आणण्याची आणि मृत्यू ओढवल्यास पार्थिव आणण्याची तरतूद स्वतंत्रपणे लिहिलेली आहे काय, व तिची कमाल मर्यादा किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

समजा, मेहकर तालुक्यातील ६६ वर्षांचे एक गृहस्थ मुक्तिनाथास निघाले आहेत व त्यांना मधुमेह आहे. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. तेथे श्वास कोंडू लागल्यास मोठे रुग्णालय पोखऱ्यास, अथवा त्याहून पुढे काठमांडूस. हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले तर खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो. नंतर अतिदक्षता विभागातील दिवस. त्यापुढे स्ट्रेचरवरून विमानाने आणावयाचे झाल्यास अनेक आसनांचे भाडे व सोबतच्या डॉक्टरांचा खर्च. या तिन्हींची बेरीज करून मगच विम्याची रक्कम ठरवावी. एकूण आकडा मोठा, पण स्थलांतराची पोटमर्यादा लहान असेल, तर तो मोठा आकडा पहिल्याच टप्प्यावर निरुपयोगी ठरतो.

युरोपातील शेंगेन देश व्हिसा देतानाच किमान ३०,००० युरोचा विमा मागतात, आणि त्यात आजारपणात किंवा मृत्यूनंतर स्वदेशी पाठविण्याचा खर्चही धरावा लागतो. नेपाळच्या वाटेवर भारतीयास असे विचारणारे कोणी नाही; म्हणून तो प्रश्न यात्रेकरूने स्वतःलाच विचारावयाचा आहे.

विमापत्रात तपासावयाच्या बाबी

१) ज्या ज्या देशांत जावयाचे, त्यांची नावे विमापत्रात असावीत. काठमांडूमार्गे कैलासास जाणाऱ्यांसाठी नेपाळ व चीन ही दोन्ही नावे आवश्यक आहेत.

२) उंचीची मर्यादा पाहावी. काही विमापत्रे ठरावीक उंचीपलीकडील आजार वगळतात. कैलास परिक्रमेतील डोल्मा-ला ही खिंड ५,६०० मीटरहून अधिक उंच आहे.

३) मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची नोंद प्रस्तावात खरी करावी. हप्ता वाचविण्यासाठी आजार लपविल्यास नेमका गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो.

४) वयाची अट, स्वतः सोसावयाची रक्कम व परतीस विलंब झाल्यास मुदतवाढीची सोय पाहावी. जुलै २०१८ मध्ये खराब हवामानामुळे कैलासाहून परतणारे दीड हजाराच्या आसपास भारतीय यात्रेकरू सिमिकोट, हिलसा व तिबेटच्या बाजूस अडकून पडले होते.

५) हेलिकॉप्टर बोलाविण्यापूर्वी विमा कंपनीच्या मदत केंद्राची संमती घ्यावी. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार उघड झाले होते. तेव्हापासून अशा दाव्यांकडे कंपन्या बारकाईने पाहतात.

कैलास यात्रेचा धडा

परराष्ट्र मंत्रालयामार्फत होणारी कैलास-मानसरोवर यात्रा २०२० पासून खंडित होती. ती जून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. या यात्रेत वैद्यकीय तपासणी सक्तीची असते. शिवाय प्रसंगी हेलिकॉप्टरने हलविण्याबाबतचे हमीपत्र, आणि चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास तेथेच अंत्यसंस्कार करण्यास संमती, ही कागदपत्रे यात्रेकरूकडून आधीच घेतली जातात. ती वाचताना मन चरकते. परंतु निघण्यापूर्वी घरात बसून कोणत्या गोष्टी बोलल्या पाहिजेत, हे तीच कागदपत्रे शिकवितात. आपणास काही झाले तर कोणी निर्णय घ्यावा, पैसे कोठून यावेत, कोणास कळवावे, हे मुलाबाळांना सांगून निघावे.

विमापत्राची एक प्रत घरी, एक सोबतच्या यात्रेकरूकडे व एक स्वतःजवळ ठेवावी. मदत केंद्राचा क्रमांक, रक्तगट व चालू औषधांची नावे कागदावर लिहून गळ्यातील पिशवीत ठेवावीत. भ्रमणध्वनी बंद पडला तरी कागद कामी येतो. काही रुग्णालये रोख रक्कम आधी मागतात, म्हणून थोडी शिल्लक राखावी व प्रत्येक पावती जपून आणावी.

विम्याने संकट टळत नाही. मात्र एका सदस्याच्या आजारपणापायी मागे राहिलेल्यांचे शेत गहाण पडू नये, एवढी तजवीज त्याने होते. प्रवासखर्चाचा हिशेब मांडताना विम्याचा हप्ता अखेरच्या ओळीत न लिहिता पहिल्या ओळीत लिहावा, अशी सर्व भाविकांस नम्र विनंती आहे.