केसपेपरवर ‘बेघर’ लिहिताना

मनोरुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत नोंद करणाऱ्यांसाठी हे मुद्दे. केसपेपर हाताने भरा की संगणकावर, मोफत उपचार, घरच्यांचा शोध आणि डिस्चार्जनंतरची सोय या नोंदीवरूनच ठरते.

काय करावे

- ‘घर आहे का?’ यापेक्षा ‘काल रात्री कुठे झोपलात?’ असं विचारा. स्टेशनचा फलाट, निवारा केंद्र, बहिणीच्या खोलीतला कोपरा, जे उत्तर येईल ते तसंच लिहा. प्रत्येकाची गरज वेगळी असते.
- नोंदीपुढे तारीख घाला आणि माहिती कोणी दिली तेही लिहा: स्वतः, पोलीस, नातेवाईक की संस्थेचा कार्यकर्ता.
- दर भेटीत पुन्हा विचारा. जुनी नोंद न खोडता नवी तिच्याखाली लिहा.
- आयसीडी-१० मधला बेघरपणाचा कोड झेड ५९.० निदानाच्या कोडसोबत जोडा. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०२१ पासून निवाऱ्यात राहणारे आणि उघड्यावर राहणारे यांचे उपकोड वेगळे आहेत. आपल्याकडे रकाना एकच असेल, तर हा फरक शेऱ्यात लिहा.
- रुग्ण पोलिसांनी आणला असेल, तर ठाण्याचं नाव आणि एफआयआर क्रमांक घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १०० नुसार बेघर मनोरुग्णासाठी हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर नोंदवणं आणि घरच्यांचा शोध घेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे.
- औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला ही नोंद दाखवा. लिथियम घेणाऱ्याला उन्हात पुरेसं पाणी मिळालं नाही, तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.

काय टाळावे

- पत्त्याच्या रकान्यात रुग्णालयाचा किंवा पोलीस ठाण्याचा पत्ता टाकू नका. कागदावर तो माणूस घरवाला होतो.
- ‘फिरस्ता’, ‘बेवारस’, ‘वेडसर’ असे शेरे मारू नका. याच कायद्याच्या कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःची कागदपत्रं बघण्याचा हक्क आहे.
- मळके कपडे पाहून ‘बेघर’ ठरवू नका, आणि नीटनेटके पाहून ‘घर आहे’ असंही धरू नका.
- आधार किंवा रेशन कार्ड नाही म्हणून नोंदणी अडवू नका. कलम १८ नुसार बेघर आणि निराधार व्यक्तींना सरकारी मानसिक आरोग्यसेवा मोफत आहे. दारिद्र्यरेषेच्या कार्डाची अट नाही.
- फोनवर चौकशी करणाऱ्याला रुग्णाचा ठावठिकाणा सांगू नका. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईला त्याने धोका होऊ शकतो. गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये आहे.
- ‘घर नाही’ एवढ्याच कारणावर डिस्चार्ज रोखू नका. कलम १९ त्याला मनाई करतं.

माहिती मिळालीच नाही, तर तसं स्पष्ट लिहा. मिळाली, तर त्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांकडे पोचवा. फाइलीत पडून राहिलेल्या नोंदीने कुणालाही छप्पर मिळत नाही.