जुन्या सागवानी दारांचा रंग काढताना: यंत्र कोणतं, खर्च किती?

जुन्या घराच्या दारा-खिडक्यांवर ऑइलपेंटचे पाच-सहा थर असतात आणि खाली बहुतेक वेळा उत्तम सागवान निघतं. ते वाचवायचं तर खरेदीचा क्रम महत्त्वाचा आहे. रंग उष्णतेने काढायचा आणि सँडर फक्त उघड्या लाकडावर चालवायचा. जाड रंगावर थेट सँडर फिरवला की घर्षणाने रंग मऊ होतो, कागद लगेच भरतो आणि घरभर धूळ होते.

आधी थर ओळखा

स्पिरिटचा बोळा घासल्यावर तपकिरी चिकटपणा आला, तर ते लाखेचं पॉलिश आहे. ते स्पिरिटनेच निघतं, यंत्र लागत नाही. चुना किंवा डिस्टेंपर पाण्याने भिजवून खरवडा. हीट गन हवी ती ऑइलपेंटसाठी.

यंत्रं आणि अंदाजे किमती

*हीट गन (₹१,२०० ते ₹३,५००):* पहिली खरेदी हीच. तापमान कमी-जास्त करता येणारी घ्या. रंगाला फुगे आले की स्क्रेपरने रेषांच्या दिशेने उचला. काचेजवळ वापरू नका, काच तडकते. २,००० वॉटची गन जवळपास ९ अँपिअर वीज ओढते, म्हणून ती १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. तासाला साधारण २ युनिट जळतात.

*रँडम ऑर्बिटल सँडर (₹४,००० ते ₹८,०००):* १२५ मिमीची चकती फिरते आणि थरथरतेही, त्यामुळे लाकडावर गोल ओरखडे कमी पडतात. दाबू नका, यंत्राचं वजन पुरेसं असतं. आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, शेवटी १८०.

*बेल्ट सँडर (₹५,००० पासून पुढे):* मोठ्या, सपाट फळ्यांसाठी ठीक. दिलह्याच्या दारावर नको.

*ग्राइंडर:* स्वस्त आणि वेगवान म्हणून सर्रास वापरतात. मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्यांचं हे यंत्र क्षणात खड्डा पाडतं. कामगाराला आधीच नाही म्हणून सांगा.

प्लायवरचं व्हिनियर एक मिलिमीटरहूनही पातळ असतं, नक्षीच्या कडा नाजूक असतात. तिथे हातानेच घासा.

शिशाचा धोका

घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंतच असावं, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला. हीट गन ५०० अंशांच्या आत ठेवा. उरलेला रंग कोरडा घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरने काढा आणि लाकूड पूर्ण वाळल्यावरच सँडर लावा. रुमाल बांधून भागत नाही, पी-१०० फिल्टरचा रबरी मास्क हवा. मुलं आणि गरोदर स्त्रियांना काम संपून साफसफाई होईपर्यंत दूर ठेवा. निघालेला रंग पालापाचोळ्याबरोबर जाळू नका. पिशवीत बांधून महापालिकेच्या घरगुती घातक कचऱ्यात द्या. झाडून काढू नका, ओल्या फडक्याने पुसा.

हिशेब

पूर्ण घराचं काम असेल तर: हीट गन ₹२,०००, सँडर ₹५,०००, कागद ₹६००, मास्क-गॉगल-हातमोजे-स्क्रेपर ₹२,५००. एकूण ₹१०,१००.

एक-दोन दारंच असतील तर सँडर घेऊ नका. हीट गन, संरक्षणाचं साहित्य आणि लाकडी ठोकळ्यावर गुंडाळायला ₹३०० चे कागद, एवढ्या ₹४,८०० मध्ये काम होतं. हार्डवेअरच्या दुकानात सँडर भाड्याने मिळतो का, तेही विचारा. पैसे वाचवायचे तर सँडरवर वाचवा, मास्कवर नाही.

सुरुवातीला हीट गन आणि संरक्षणाचं साहित्यच आणा. दाराच्या मागच्या बाजूचा हातभर भाग उघडा करून बघा. सागवान निघालं तर सँडर घ्या. हलकं, किडलेलं लाकूड निघालं तर खरवडणं थांबवा, लांबी भरा आणि पुन्हा रंग द्या.