निघणारा रंग

भिंतीला आपण चुना मारतो. तो पुढच्या दिवाळीपर्यंत टिकावा असे वाटते. दाराला तेलरंग देतो. तो तर दहा वर्षे हलू नये अशी इच्छा असते. रंग म्हणजे टिकणारा, असेच आपण धरून चालतो. पण मंडळी, एक रंग असा आहे की, नको झाला म्हणजे तो केळ्याच्या सालीसारखा सोलून काढता येतो. खालची वस्तू होती तशीच राहते.

मोटारीच्या सजावटीला हा रंग वापरतात. आपल्यापैकी कोणी गॅरेजात काम करतो, कोणी टॅक्सी चालवतो, कोणी गाड्या धुतो. हे काम आज ना उद्या तुमच्या हाती येईल. म्हणून ते नीट समजून घेऊ या.

हा रंग कशाचा असतो?

खरे पाहिले तर हा रंग नव्हेच. हे रबरासारखे द्रव्य आहे. थिनरच्या जातीच्या द्रवात ते विरघळवलेले असते. द्रव उडून जातो आणि मागे रबराची कातडी राहते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात प्लास्टी डिप नावाची कंपनी आहे. ती १९७२ पासून असे द्रव्य विकते. ते पहिल्यांदा निघाले हत्यारांसाठी. पक्कड किंवा पाना यांची मूठ त्यात बुडवायची आणि वाळवायची. मुठीवर रबर बसते व हात घसरत नाही. पुढे हेच द्रव्य स्प्रेच्या डब्यात आले. मग मोटारीचे शौकीन लोक ते गाडीला मारू लागले. आता इतर कंपन्याही असे डबे काढतात.

कोठे मारतात?

गाडीची पुढची जाळी, काचेभोवतीची चकचकीत पट्टी, कंपनीचे चिन्ह, आरशाची पाठ, चाकाची वाटी, अशा ठिकाणी मारतात. चकचकीत पट्टी काळी करायची असली तर पूर्वी ती काढावी, घासावी, रंगवावी लागे. गाडी विकताना ती पुन्हा चकचकीत होत नसे. इथे तसे नाही. घासायचे नाही आणि मूळची चमकही जात नाही.

दिव्यांवर मात्र मारू नये, उजेड कमी होतो. नंबरपाटीवर मारू नये, तो गुन्हा आहे. ब्रेकचे भाग आणि धुराचा नळ यांच्या जवळ जाऊ नये. गाडीचा रंग आर.सी. मध्ये लिहिलेला असतो. तेव्हा सबंध गाडीचाच रंग बदलायचा असेल, तर आधी आर.टी.ओ. कचेरीत विचारावे.

सायीची गोष्ट

आता मुख्य मुद्दा ऐका. दुधावरची साय तुम्ही उचलली असेल. साय जाड असली तर अख्खी उचलून येते. पातळ असली तर बोटाला चिकटते, फाटते, निम्मी दुधातच राहते. या रंगाचे अगदी तसेच आहे. जाड थर एका ओढीत निघतो. पातळ थर तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि नखे झिजवतो.

गंमत अशी की, दोन हात मारले तरी काम पुरे दिसते. पट्टी काळी झाली, मालक खूश झाला. पण वर्षा-दोन वर्षांनी तोच मालक येतो आणि म्हणतो, "काढून द्या." तेव्हा निघत नाही. मग चाकूने खरवडतात, पट्टीवर चरे पडतात आणि नाव आपले जाते. म्हणून पाच-सहा हात द्यावेत. डबा वाचवून पैसे वाचत नाहीत.

आणि थर आधीच पातळ झालेला असला तर? खरवडू नका. त्यावरच आणखी दोन-तीन हात मारा. वाळू द्या. जुने नवे मिळून एक जाड साय होते आणि सगळे बरोबर निघून येते.

काम कसे करावे?

१. पट्टी साबणाने धुवावी व कोरडी करावी. मेण, पॉलिश, तेल काही राहू देऊ नये. जुना रंग पोपडे धरून असेल तर तेथे मारू नये. सोलताना तोही निघून येईल.

२. आजूबाजूला टेप व कागद लावावा.

३. डबा चांगला हलवावा. वितीपेक्षा थोड्या कमी अंतरावरून मारावे. हात एका जागी थांबवू नये, थांबला की ओघळ येतो.

४. पहिला हात अगदी विरळ द्यावा. खालची पट्टी दिसत राहिली तरी चालेल. पुढचे हात भरून द्यावेत. दोन हातांच्या मध्ये किती थांबायचे ते डब्यावर लिहिलेले असते. तितके थांबावेच.

५. शेवटचा हात ओला असतानाच टेप काढावी. वाळल्यावर काढली तर टेपबरोबर रंगाची कडही उचलून येते.

६. निदान चार तास हात लावू नये. एक-दोन दिवस गाडी धुऊ नये.

पेट्रोलने हा थर मऊ होऊन सुटतो. टाकीच्या झाकणापाशी तो टिकत नाही, हे मालकाला आधीच सांगावे.

जीव सांभाळा

डब्यातील द्रवाची वाफ पेट घेते. पुष्कळ डब्यांत दाबासाठी भरलेला वायूही स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा असतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, खाली साचते. म्हणून गॅरेजच्या खड्ड्यापाशी किंवा दार लावून हे काम कधीही करू नये. जवळ बिडी, शेगडी, वेल्डिंग काहीही नको.

तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. रुमाल काही थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेने डोके दुखते, चक्कर येते. रोज वर्षानुवर्षे ती छातीत गेली तर मेंदूला इजा होते. वाफेसाठी कोळशाचा डबा बसवलेला मुखवटा मिळतो. रोजचे काम असेल तर तो मालकाकडून मागून घ्या. मागायला लाजू नका. गाडीचा रंग सोलून पुन्हा देता येतो, माणसाच्या शरीराला ती सोय नाही.

डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. ५० अंशांच्या वर तापला तर तो फुटू शकतो. रिकामा झाला तरी भोसकू नये, जाळू नये.

हे सारे डब्यावर छापलेले असते. अक्षर बारीक असते आणि बहुधा इंग्रजी असते. पण ज्वालेचे चित्र आणि आकडे तुम्हाला आता वाचता येतात. बाकीचे एखाद्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. आधी डबा वाचावा, मग हलवावा.

उत्तरे सांगा

१. दोन हातांत काम पुरे दिसत असताना पाच-सहा हात का द्यावेत?
२. पातळ थर काढायचा असेल तर काय करावे?
३. टेप केव्हा काढावी? का?
४. गॅरेजच्या खड्ड्यापाशी हे काम का करू नये?
५. घरातील एखाद्या डब्यावरची सूचना वाचा व वर्गात सांगा.