कंटाळा येणे, कंटाळा करणे आणि न करमणे

हैदराबादमधील काचीगुडा रेल्वे स्थानकाची घुमट-मिनारांची इमारत १९१६ साली निजामाच्या राजवटीत उभी राहिली. मनमाडहून निघालेली मीटर गेजची गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद अशी सुमारे सहाशे किलोमीटरची मजल मारून येथवर येई. मराठवाड्याचे जिल्हे ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे उच्च न्यायालयातील दावा, १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षण किंवा सरकारी नोकरी ह्यांसाठी मराठी माणसाला ह्या शहरी यावेच लागे. काचीगुडा, सुलतान बाजार, कोठी, इसामिया बाजार ह्या परिसरांत मराठी कुटुंबे स्थिरावली ती ह्याच ओघात. ह्या प्रवाशाच्या वाट्याला दोन गोष्टी हमखास येत. गाडीत आणि फलाटावर त्याला कंटाळा येई. आणि शहरात बिऱ्हाड थाटल्यावर पुष्कळ दिवस करमत नसे.

ह्या दोन अवस्था एक नव्हेत, हे मराठी भाषेने फार पूर्वीच ओळखले आहे. ‘कंटाळा येणे’ म्हणजे झोप यावी, ताप यावा तशी नकळत येणारी अवस्था. ‘कंटाळा करणे’ म्हणजे अंगचोरपणा. त्यात कर्ता माणूस असतो आणि दोषही त्याचाच धरला जातो. ‘न करमणे’ ही तिसरीच गोष्ट. हातात काम असूनही माणसाला करमत नाही. कारण तेथे त्याचे मन रुजलेले नसते. दैनंदिन जीवनातील कंटाळ्यावर जे उपाय सुचविले जातात ते पुष्कळदा फसतात, कारण एका अवस्थेवरचे औषध दुसरीला दिले जाते. कंटाळा आलेल्या मुलाला आळशी ठरविले जाते, आणि न करमणाऱ्या वृद्धाच्या हाती दूरचित्रवाणीचे बटण दिले जाते.

कंटाळा म्हणजे नेमके काय, ह्याची मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली केलेली व्याख्या उपयोगी आहे. समाधान देणाऱ्या कशात तरी गुंतावे अशी इच्छा आहे, परंतु गुंतता येत नाही, अशी ती अवस्था होय. येथे ‘इच्छा आहे’ हे शब्द महत्त्वाचे. आळशाला काही करावेसे वाटत नसते. कंटाळलेल्याला वाटत असते, पण त्याच्या अवधानाला पकड सापडत नाही. ही तगमग किती असह्य होऊ शकते ते अमेरिकेतील एका प्रयोगात दिसले. टिमोथी विल्सन ह्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ह्या प्रयोगात माणसांना एका खोलीत १५ मिनिटे नुसते विचार करीत बसावयास सांगितले होते. हवे असल्यास बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याची मात्र मुभा होती. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी तो एकदा तरी घेतला. स्वस्थ बसण्यापेक्षा त्यांना वेदना पत्करली. गावाकडील पत्त्यांचे अड्डे आणि त्यांच्या पाठोपाठ येणारी व्यसने ह्यांचा विचार करताना हा प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

प्रतीक्षेतील कंटाळा

वाट पाहण्याचा कंटाळा हा सर्वांत साधा प्रकार, आणि त्यावरील उपाय बहुतांशी कार्यालयांच्या हाती आहे. डेव्हिड मेस्टर ह्यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना दाखवून दिले की, रिकामेपणी घालविलेला वेळ व्यापलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो; कारण न कळलेली प्रतीक्षा कारण कळलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. गाडी दोन तास उशिरा येणार असे ध्वनिक्षेपकावरून सांगितले की प्रवासी डबा सोडतो किंवा पथारी पसरतो. काहीच सांगितले नाही तर तो दोन तास रुळांकडे पाहत उभा राहतो. तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी आलेल्या शेतकऱ्याचे वेगळे काय असते? आपला क्रमांक कितवा, साहेब किती वाजता बसणार, आज काम होणार की नाही, एवढे एका फळ्यावर लिहिले तरी त्याचा अर्धा त्रास सरतो. त्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही, खडू पुरतो.

एकसुरी कामातील कंटाळा

ह्याहून गंभीर प्रश्न एकसुरी कामाचा आहे, कारण तेथे कंटाळा केवळ त्रासदायक नसून धोकादायक असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलापुढे एक अडचण उभी राहिली. रडारच्या पडद्याकडे तासन् तास पाहत बसणारे दक्ष सैनिकही पडद्यावरील खुणा चुकवू लागले. नॉर्मन मॅकवर्थ ह्यांनी त्याचा छडा लावण्यासाठी आकडे नसलेले एक घड्याळ तयार केले. त्याचा काटा ठराविक लहान उड्या घेत फिरे आणि क्वचित एखादी दुप्पट उडी घेई. ती दिसताच कळ दाबावयाची. पहिल्या अर्ध्या तासातच दुप्पट उड्या हुकण्याचे प्रमाण वाढले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निष्कर्षातील आशेचा भाग असा की, दर अर्ध्या तासाने पाळी बदलली किंवा कोणती उडी टिपली, कोणती हुकली हे वेळोवेळी सांगत गेले, तर दक्षता टिकून राहत होती. दोष सैनिकांचा नव्हता, कामाच्या घडणीचा होता.

रेल्वेने हा धडा निरनिराळ्या मार्गांनी गिरविला आहे. काचीगुड्यात येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीच्या इंजिनात चालक व सहायक चालक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही दिसणारी गोष्ट ओरडून कशाला सांगावयाची, असे नवख्याला वाटेल. परंतु नुसते पाहणारा डोळा कंटाळतो. पाहिलेले उच्चारावयाचे आणि समोरच्याने त्यास प्रत्युत्तर द्यावयाचे, म्हटले की अवधानाला पकड मिळते. जपानी रेल्वेचे कर्मचारी ह्यापुढे जाऊन सिग्नलकडे बोट दाखवितात व मग त्याचे नाव घेतात. तेथील रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली केलेल्या चाचणीत बोट दाखविणे व उच्चारणे ह्या जोडीमुळे साध्या कामातील चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आपल्याकडील इंजिनांत दक्षता-नियंत्रक यंत्रही बसविलेले असते. चालकाने सुमारे एक मिनिट कोणतीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास ब्रेक आपोआप लागतो. पावसाळ्यात रात्री रुळांवरून गस्त घालणाऱ्या कामगाराची रीत मात्र यंत्राविना चालते. तो आपल्या हद्दीच्या टोकाशी पोहोचला की पलीकडून आलेल्या गस्तकऱ्याला भेटतो आणि दोघे गस्तीच्या वह्या बदलतात. वही बदलण्यामागील हेतू अर्थातच देखरेखीचा आहे. परंतु अंधारात एकट्याने चालणाऱ्या माणसाला पुढे कोणीतरी वाट पाहत आहे हे ठाऊक असणे, हाही तिचा लाभ कमी नव्हे.

घरातील आणि शेतातील एकसुरी कामांना आपल्या स्त्रियांनी शोधलेला तोड म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गी प्वातवें आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने गावोगाव फिरून जमविलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. पहाटेच्या अंधारात हात खुंट्याला गुंतलेला असताना मनाला गुंतवावयास माहेर, भाऊ, विठ्ठल हे विषय पुरत. पिठाच्या गिरणीने ते कष्ट संपविले हे बरेच झाले. त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी पायलीभर जोंधळे दळून पाहावेत. तथापि काम हाताचे असेल तर मन मोकळे असते, आणि मोकळ्या मनाला गाणे, गप्पा वा वाचून दाखविणारा सोबती देता येतो, ही त्यातील खूण शेंगा फोडताना किंवा कापूस वेचताना आजही उपयोगी पडते. काम नजरेचे असेल, जसे फाटकावरील वा पहाऱ्यावरील, तर तेथे गाणे नव्हे, बदलती पाळी हवी.

शाळेतील कंटाळा

‘हा मुलगा कंटाळा करतो’ हा शेरा शिक्षक सहज देऊन जातात. शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर पाहत बसलेली दोन मुले घ्यावीत. एकाचे भागाकाराचे गणित केव्हाच सुटलेले आहे. दुसऱ्याला अद्याप हातच्याची वजाबाकीच नीट येत नाही. त्यामुळे भागाकार त्याच्या डोक्यावरून चालला आहे. दोघेही सारखेच जांभया देतात. मिहाय चिक्सेंटमिहाय ह्यांनी १९७५ साली मांडलेल्या विचारानुसार काम कुवतीच्या फार खाली असेल तर कंटाळा येतो आणि फार वर असेल तर धास्ती वाटते; तथापि दीर्घकाळ न कळणाऱ्या कामाची धास्तीही शेवटी कंटाळ्याचेच रूप घेते, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकास मान्य व्हावे. पहिल्या मुलाला गावातील पाण्याच्या टाकीत किती हंडे पाणी मावेल ते मापून काढावयास सांगावे. दुसऱ्याला दशक मोडण्यापर्यंत मागे न्यावे, आणि तेही इतरांसमोर नव्हे. दोन शिक्षकी शाळेत, जेथे एका वर्गाला शिकविताना दुसरा वर्ग रिकामा बसतो, तेथे अशी निवड करणे कठीण असते हे खरे. पण नेमकी तेथेच तिची निकड असते.

भ्रमणध्वनीचा प्रश्न येथेच येतो. मूल कंटाळले की पालक त्याच्या हाती तो देतात, आणि मूल एक चित्रफीत अर्धवट सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी लावीत राहते. टोरांटो विद्यापीठातील केटी टॅम व मायकेल इन्झ्लिक्ट ह्यांच्या २०२४ सालच्या अभ्यासात ह्याचा उलटा परिणाम दिसला. कंटाळा टाळावा म्हणून माणसे चित्रफिती बदलीत राहतात, पण त्या बदलण्यानेच कंटाळा वाढतो. एकच चित्रफीत शेवटपर्यंत पाहणाऱ्यांना तो कमी येतो. अवधानाला पकड हवी असते आणि बोट ती दर क्षणाला सोडवीत असते. उलटपक्षी थोडा कंटाळा मुलाला सोसू द्यावा, ह्यालाही आधार आहे. सँडी मान व रेबेका कॅडमन ह्यांनी २०१४ साली काही जणांना प्रथम दूरध्वनीच्या यादीतील क्रमांक उतरवून काढण्याचे कंटाळवाणे काम दिले. त्यानंतर प्लास्टिकच्या पेल्यांचे निरनिराळे उपयोग सुचविण्यात ती माणसे इतरांच्या पुढे गेली. सुट्टीतील दुपारी ‘आता काय करू?’ असे विचारणाऱ्या मुलाला लगेच उत्तर न देणे हेही पुष्कळदा शिक्षणच असते.

न करमणे

काचीगुड्याच्या स्थानकावर आजही मराठवाड्यातील वृद्ध आईवडील उतरतात; मुलगा हैदराबादेत नोकरीस असतो म्हणून. सदनिकेत सुखसोयी असतात, जेवण वेळेवर मिळते, पडद्यावर मराठी वाहिन्या दिसतात. तरी पंधरा दिवसांत ‘इथे करमत नाही’ हे वाक्य ऐकू येते, आणि मुलासुनेला ते टोचते. वास्तविक त्यात तक्रार नसते. गावी त्यांना पारावर ओळखणारी माणसे होती. चार दिवस दिसले नाहीत तर कोणीतरी विचारीत येई. कोणते बी चांगले, कोणाच्या सोयरिकीत अडचण आहे, हे त्यांना विचारले जाई. शहरात त्यांच्या अनुपस्थितीने कोणाचेच काही अडत नाही. करमणूक आणि करमणे हे शब्द एकाच मुळातले; हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० साली सुरू केलेल्या साप्ताहिकालाही ‘करमणूक’ हेच नाव दिले होते. परंतु करमणुकीने वेळ जातो, करमतेच असे नाही.

पूर्वीच्या पिढीला हे उमगले होते. सुलतान बाजारात तेलुगू भाषकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ साली स्थापिले. मराठी मंडळींनी ह्याच परिसरात विवेक वर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभारली, मराठी ग्रंथ संग्रहालय चालविले, पुढे मराठी साहित्य परिषद व तिचे ‘पंचधारा’ हे नियतकालिक आले. इतिहासात ह्यांची नोंद भाषेची सेवा म्हणून होते, आणि ती रास्तच आहे. पण संध्याकाळी वाचनालयात येणाऱ्या एकट्या कारकुनाला तेथे आणखी काही मिळत होते. वर्गणी गोळा करणे, खुर्च्या मांडणे, पुस्तकांची नोंदवही ठेवणे अशी कामे त्याच्याकडे येत, आणि तो आला नाही तर ती खोळंबत.

घरात आलेल्या वृद्धांच्या बाबतीत हेच सूत्र लावता येते. विरंगुळा देण्याऐवजी त्यांच्यावाचून अडेल असे एखादे काम त्यांच्याकडे सोपवावे. हैदराबादेत वाढणारी अनेक मराठी मुले घरी मराठी बोलतात, पण देवनागरीत मराठी वाचताना अडखळतात. रोज अर्धा तास नातवंडाला मराठी वाचावयास शिकविणे हे काम आजीआजोबांखेरीज कोण करणार? महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगाव सार्वजनिक ग्रंथालये झाली. तेथे निवृत्त शिक्षकाने सकाळी वृत्तपत्र मोठ्याने वाचून दाखवावे, ज्यांना अक्षरे दिसत नाहीत त्यांनी ऐकावे, अशी व्यवस्था ग्रामपंचायतीला खर्चाविना करता येईल. काम देताना ते खरे असावे. उगाच गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले काम वृद्धांना चटकन ओळखू येते आणि ते दुखावतात.

एक सावधगिरी मात्र कुटुंबीयांनी बाळगावी. ज्याला कंटाळा आला आहे किंवा करमत नाही त्याला काहीतरी हवे असते. हवेसे वाटणेच थांबले, आवडीचे जेवण, आवडती माणसे, नातवंडे ह्यांतही रस उरला नाही, झोप व भूक मंदावली आणि दोन आठवडे हीच स्थिती राहिली, तर तो कंटाळा नसून नैराश्याचा आजार असण्याचा संभव असतो. अशा वेळी समजुतीच्या गोष्टी सांगत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्रातील वा जवळच्या डॉक्टरांना दाखवावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो आणि तो प्रादेशिक भाषांतही मिळू शकतो. वृद्ध व्यक्ती स्वतः दूरध्वनी करण्यास संकोचत असेल, तर घरातील कोणीही तिच्यावतीने विचारणा करावी.