बाणाचे पीस : सातपुड्याच्या कारागिरीतून एक धडा

अभ्यासलेख
वाचनासाठी : 1 शमुवेल, अध्याय 20, यशया, अध्याय 49



आदिवासी सेवेचा कार्यक्रम असला की फलकावर धनुष्यबाण काढायचा आणि पाहुण्यांना एक रंगीत बाण भेट द्यायचा, ही आपल्याकडची रीतच होऊन गेली आहे. तो बाण घरी येतो, भिंतीवर लागतो, आणि मग त्याच्याकडे कोणी पाहत नाही. या वेळी तो भिंतीवरून काढून हातात घेऊ या. ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो आणि वर्गणी देतो, त्यांच्या हातात कोणती विद्या आहे, हे आपल्याला माहीत असायला हवे.

आपल्या मेहकरला धनुष्याची ओळख नवी नाही. गावाच्या प्रसिद्ध देवळातील शारंगधर या नावाचा अर्थच ‘शार्ङ्ग नावाचे धनुष्य धारण करणारा’ असा आहे. पण ज्यांच्या घरात तीरकामठा पिढ्यानपिढ्या चालत आला, ते भिल्ल, भिलाला, कोरकू आणि निहाल बांधव आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी राहतात.

भिल्लांचा कामठा बांबूचा असतो, आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट सालीची. मासे मारण्यासाठी त्यांच्याकडे वेगळा बाण असे. माशाला लागताच त्याचे टोक काडीतून सुटे आणि लांब दोरीने काडीला बांधलेले राही. काडी पाण्यावर तरंगत असल्यामुळे मासा कुठे गेला ते दिसे. एकोणिसाव्या शतकात मेवाडच्या भिल्लांविषयी लिहिणाऱ्या इंग्रज निरीक्षकानेही याची नोंद केली आहे. ज्यांना आपण सहज ‘अडाणी’ म्हणतो, त्यांची ही अक्कल आहे.

पीस कशासाठी?

बिनपिसाचा बाण सोडून पाहिला तर तो थोडे अंतर जाऊन आडवा होतो. मागे पिसे लावली की हवेचा अडथळा शेपटीकडे वाढतो. बाण जरा तिरका झाला तरी हवा शेपटीला मागे रेटते आणि टोक पुन्हा समोर येते. पिसे किंचित तिरपी लावली तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि त्याची चाल आणखी स्थिर होते. म्हणजे पीस बाणाला पुढे ढकलत नाही, उलट त्याचा वेग थोडा कमीच करते. त्या बदल्यात ते दिशा देते.

हे ज्ञान आपल्या भाषांत मुरलेले आहे. बाणाच्या पिसे लावलेल्या मागच्या भागाला संस्कृतात ‘पुंख’ म्हणतात. आपल्या पडीक रानात, बांधावर जांभळ्या फुलांची शरपुंखा उगवते. काही ठिकाणी तिला उन्हाळी म्हणतात. तिचे पान टोकाला धरून ओढले तर ते सरळ फाटत नाही, बाणाच्या शेपटीसारखे खाचेत तुटते. त्यावरूनच तिला हे नाव पडले. मुलांना रानात नेऊन हे जरूर दाखवा.

पीस कसे लावतात?

आधी काडी. ती वाळलेली आणि सरळ हवी. वाकडी असेल तर मंद आचेवर शेकून हाताने सरळ करतात. मागच्या टोकाला दोरी बसेल एवढी खाच पाडतात. ती फाटू नये म्हणून तिच्या खाली दोरा घट्ट गुंडाळतात.

मग पीस निवडायचे. शेपटीचे मऊ पीस शोभेला बरे, पण कामाला पंखाचे ताठ पीसच लागते. एका बाणाची सगळी पिसे एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा बाक एकमेकांच्या उलट असतो. दोन्ही मिसळली तर एक पीस बाणाला इकडे फिरवते आणि दुसरे तिकडे. पिसाचा कणा मधोमध चिरून त्याची खालची बाजू घासून सपाट करतात आणि चार-पाच इंचांचा तुकडा कापतात.

तीन पिसे काडीभोवती सारख्या अंतरावर बसवतात. त्यांतले एक खाचेशी काटकोनात येते, म्हणजे उरलेली दोन धनुष्याला कमी घासतात. खाच आणि पिसे यांच्यामध्ये बोटांना पुरेल एवढी जागा सोडतात. पिसे सरसाने चिकटवून दोन्ही टोकांना बारीक दोऱ्याने बांधतात. पुढचे टोक नीट बांधलेले नसेल, तर बाण सुटताना कण्याची धार हाताला चिरते.

शेवटी रंग. काडीवरचे रंगीत पट्टे नुसत्या नटण्यासाठी नसतात. त्यांवरून बाण कोणाचा ते कळते आणि गवतात पडलेला बाण सापडतो. आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही प्रत्येक बाणावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे असावी लागतात आणि एका फेरीतील त्याच्या सगळ्या बाणांची पिसे एकाच नमुन्याची व रंगाची असावी लागतात.

पण पीस कोणाचे?

आपल्यापुढचा खरा प्रश्न हा आहे. महाभारतात गिधाडाची, कंक पक्ष्याची आणि मोराची पिसे लावलेल्या बाणांचे उल्लेख येतात. आज गिधाड दिसणे दुर्मिळ झाले आहे. 1990 च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या तीन जातींची संख्या 95 टक्क्यांहून अधिक घटली. कारण शिकार नव्हते, ते होते डायक्लोफेनॅक. हे वेदनाशामक टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर 2006 साली बंदी आली. आपल्यापैकी अनेकांच्या गोठ्यात जनावरे आहेत. डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावे, ते गिधाडांना सुरक्षित आहे.

मोर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचा लांब पिसारा दरवर्षी आपोआप गळतो, पण बाणाला लागणारे ताठ पीस पंखाचे असते. म्हणून बाणाला मोराच्या पंखाचे पीस दिसले, तर ते कुठून आले हे विचारलेच पाहिजे. आपल्या भेटवस्तूच्या हौसेपायी खटला मात्र कारागिरावर व्हायचा. टर्की, बदक, हंस अशा पाळीव पक्ष्यांच्या पंखांची पिसे चांगली चालतात, लहान बाणाला कोंबड्याचीही. ती रंगवता येतात आणि त्यांत कोणाचा अपराध नाही.

ही विद्या पुढे कुठे जाईल?

शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे आजोबांची विद्या नातवाच्या काय कामाची, असा प्रश्न उरतो. त्याचे एक उत्तर मैदानावर मिळते. राजस्थानच्या आदिवासी कुटुंबातील लिंबा राम बांबूच्या धनुष्यावर शिकले आणि 1988, 1992 व 1996 अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळले. आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर याने मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासह त्याने सांघिक सुवर्णही मिळवले. ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडली आहे. मात्र स्पर्धेचे साहित्य फार महाग असते. पाड्यावरच्या मुलाची नजर कितीही अचूक असली तरी या खर्चापाशी तो अडतो, आणि आपल्या मदतीची गरज नेमकी इथे आहे.

वचनाचा धडा

योनाथानाने दावीदासाठी बाण सोडले ते कोणाला मारण्यासाठी नव्हे. बाण पोऱ्याच्या पलीकडे पडला आणि खडकाआड लपलेल्या दावीदाला कळले की आता निघून जायला हवे. तो बाण कोणालाच लागला नाही, पण त्याने मित्राचा जीव वाचवला. यशयाच्या अध्यायात देवाचा सेवक स्वतःला घासूनपुसून भात्यात जपून ठेवलेल्या बाणाची उपमा देतो. काडी शेकणे, घासणे, पीस बांधणे ही सगळी मेहनत बाण सुटण्याच्या आधीची असते. पाड्यावरच्या मुलाची शाळा, वसतिगृह, औषध यांवर आपण जे खर्च करतो, तेही असेच आधीचे काम आहे. त्याचे फळ लगेच दिसले नाही म्हणून हात आखडू नये.

मंडळीत चर्चेसाठी

1. आदिवासी बांधवांची आठवण आपण फक्त चित्र आणि भेटवस्तू यांपुरती ठेवतो का?
2. हस्तकला विकत घेताना कारागिराला काय मिळाले आणि माल कशाचा आहे, हे आपण विचारतो का?
3. आपल्या मंडळीतील एखादे कुटुंब खेळात चमक असलेल्या एका मुलाचा वर्षभराचा खर्च उचलू शकेल का? या तिमाहीत त्यासाठी प्रार्थना करा आणि आपला निर्णय मंडळीच्या सचिवांना कळवा.