मधुमेहात मूत्रपिंडांची काळजी

अनेक वर्षांचा मधुमेही रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येतो आणि आनंदाने सांगतो, "डॉक्टरसाहेब, साखर आता आपोआप उतरू लागली, इन्सुलिनही निम्म्यावर आले." घरच्या मंडळींनाही पथ्यपाण्याचे सार्थक झाल्यासारखे वाटते. डॉक्टरांच्या मनात मात्र अशा वेळी शंकेची पाल चुकचुकते. शरीरातील इन्सुलिनचा मोठा वाटा मूत्रपिंडांत नष्ट होत असतो. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की ते रक्तात अधिक काळ टिकते आणि साखर खाली येते. म्हणून आहार व औषधांत बदल नसताना साखर उतरू लागली, वरचेवर घाम सुटून हातपाय थरथरू लागले, तर पेढे वाटण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

हा प्रसंग आरंभीच सांगण्याचे कारण असे की, या विकारात दुखत काहीच नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व पुन्हा शोषला जाऊन दीड-दोन लिटर लघवी उरते. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की गाळण्यांतील केशवाहिन्यांवर ताण पडतो, त्यांची जाळी सैल होते आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून झिरपू लागते. या टप्प्यावर रुग्णास काही जाणवत नाही. क्रिएटिनिनही बहुधा मर्यादेतच असते, कारण गाळण्याची क्षमता निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत ते वाढलेले दिसेलच असे नाही. पायांवर सूज, मळमळ, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ काळ हातचा गेलेला असतो. "लघवी तर साफ होते, मग मूत्रपिंडे बिघडली कशी?" असे नातेवाईक विचारतात. पाणी बाहेर पडणे आणि रक्त शुद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अल्ब्युमिनची ही गळती ओळखणारी लघवीची तपासणी साधी व अल्पखर्चाची आहे. अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम किंवा त्याहून अधिक आल्यास सावध व्हावे. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा अतिश्रम यांमुळेही आकडा वाढतो. तेव्हा एकाच अहवालावरून घाबरून न जाता तपासणी पुन्हा करावी. प्रौढ वयातील नेहमीच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी व्हावी. तो रोग निदानापूर्वी कित्येक वर्षे शरीरात दडून असू शकतो.

गळती वेळीच सापडली तर करण्यासारखे पुष्कळ आहे. साखरेइतकेच महत्त्व रक्तदाबाला आहे. तो सामान्यतः १३०/८० च्या खाली राखावा. लोसार्टन, रॅमिप्रिल या वर्गांतील औषधे रक्तदाब तर उतरवतातच, शिवाय गाळण्यांवरील ताणही हलका करतात. 'दाब आता ठीक आहे' म्हणून रुग्ण ती परस्पर बंद करतात, ही आमची नेहमीची तक्रार आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या मुळात साखरेसाठी आल्या. २०१९ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून या वर्गातील औषधे मूत्रपिंडांचा ऱ्हासही मंदावतात, हे दिसून आले. डापाग्लिफ्लोझिनच्या एकस्वाची मुदत भारतात २०२० मध्ये संपल्यावर ती पुष्कळ स्वस्त झाली. ही सर्व औषधे अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असून, उलट्या-जुलाब किंवा कडक उपवास असल्यास त्यांतील काही तात्पुरती थांबवावी लागतात, तेव्हा आधी विचारावे.

घरातून होणारे नुकसान निराळेच. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेणे मूत्रपिंडांस फार महागात पडते. घटक ठाऊक नसलेली चूर्णे व भस्मे यांचेही तेच. मीठ दिवसाला एका चमच्याहून, म्हणजे ५ ग्रॅमहून कमी असावे. पापड, लोणचे, फरसाण, सुकी मासळी यांतील मीठ त्यातच धरावे. सैंधव चालते हा समज चुकीचा आहे, तेही मीठच. बाजारातील 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असते व मूत्रपिंडविकारात ते धोक्याचे ठरू शकते. तंबाखू सोडावी, हे वेगळे सांगावयास नको.

डायलिसिसवरील रुग्णास आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे ४ तास यंत्राजवळ पडून राहावे लागते. सोबतच्या माणसाचा रोजगारही बुडतो. देणगीदारांच्या उदारतेतून धर्मादाय रुग्णालयांत अशी यंत्रे येतात, आणि त्यांची गरज आहेच. यंत्रावर दात्याचे नाव लावता येते, लघवीच्या तपासणीवर ते लावता येत नाही. तरीही निधीचा काही भाग वार्षिक तपासणीसाठी राखून ठेवावा, अशी विश्वस्त मंडळास व दात्यांस आमची विनंती आहे.

तपासणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. शक्यतो सकाळची पहिली लघवी आणावी, आणि मागील वर्षांचे अहवाल सोबत असावेत. एकट्या आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने सरकत आहे, हे आम्हांला अधिक सांगून जाते.